आधी विचारा, "कोण आहे?"



दुपारची वेळ आहे. आई-बाबा कामावर गेलेत, आजी जरा आडवी झालीय आणि दारावरची बेल वाजते. तुम्ही काय करता? धावत जाऊन दार सताड उघडता? छे! घरच्यांनी तुम्हाला शिकवलेलंच असतं. दाराला साखळी लावायची, फटीतून बघायचं, "कोण आहे?" असं विचारायचं आणि माणूस अनोळखी असेल तर आजीला उठवायचं. अहो, गोष्टीतली चिऊताईसुद्धा कावळा दारात आला म्हणून झटकन कडी काढत नाही!

आता सांगा पाहू, हीच सावधगिरी आपण घरातल्या संगणकाच्या बाबतीत बाळगतो का? त्यालाही दारं असतात. पेन ड्राइव्ह लावायची खाच हे एक दार. ई-मेल हे दुसरं. इंटरनेटवरून उतरवून घेतलेले गेम हे तिसरं. आणि सगळ्यांत मोठं दार कोणतं, ठाऊक आहे? संगणकासमोर बसलेला माणूस! म्हणजे तुम्ही आणि आम्ही. आपल्या मनात मोह, उत्सुकता, आळस आणि भीती अशा चार कड्या असतात. त्यांतली एखादी सैल झाली की व्हायरस आत आलाच म्हणून समजा. कसा, ते आज पाहू या.

संगणकाला ताप येतो का?

मागे एकदा वर्गात व्हायरसचा विषय निघाला, तेव्हा तिसरीतल्या एका पठ्ठ्याने मला विचारलं, "बाई, मग संगणक शिंकतो का हो?" सगळा वर्ग खो-खो हसला. पण प्रश्न काही वाईट नव्हता. संगणकाचा व्हायरस जिवंत नसतो. तो धुळीतून येत नाही आणि तुम्हाला-मला त्याची लागणही होत नाही. तो असतो एक प्रोग्रॅम, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची यादी. गेम हाही प्रोग्रॅमच आणि गणकयंत्र हाही प्रोग्रॅमच. फरक एवढाच, की व्हायरसच्या यादीतली एक आज्ञा असते, 'माझी नक्कल कर आणि दुसरीकडे चिकटव.' सर्दीचा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो, तसा हा एका फाईलमधून दुसऱ्या फाईलमध्ये जातो. म्हणून त्याला व्हायरस म्हणायचं.

त्याची भावंडंही आहेत बरं का! 'वर्म' म्हणजे किडा. त्याला कुठल्या फाईलचा आधार लागत नाही, तो आपला आपण जाळ्यातून सरपटत दुसऱ्या संगणकात शिरतो. 'ट्रोजन' हा बहुरूपी. वरून गेम, आतून चोर. आणि 'रॅन्समवेअर' म्हणजे खंडणीखोर. तो तुमच्या फाइलींना कुलूप घालतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो.

पहिली कडी : मोह

गोष्ट आहे १९८६ सालची. पाकिस्तानात लाहोर शहरात बासित आणि अमजद अल्वी हे दोघे भाऊ संगणकाचं दुकान चालवत. त्यांनी तयार केलेल्या सॉफ्टवेअरच्या लोक फुकट नकला करतात, असं त्यांचं म्हणणं होतं. अशा लोकांना धडा शिकवायला त्यांनी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव 'ब्रेन'. आयबीएमच्या धर्तीवरच्या घरगुती व कार्यालयीन संगणकांवरचा हा पहिला व्हायरस मानला जातो.

तेव्हा पेन ड्राइव्ह नव्हते, फ्लॉपी होत्या. पोस्टकार्डाएवढ्या, पातळ, चौकोनी. संगणक सुरू होताना फ्लॉपीचा जो भाग सर्वांत आधी वाचतो, तिथेच 'ब्रेन' दडून बसे. मग त्या संगणकात दुसरी फ्लॉपी घातली की तिच्यावरही त्याची नक्कल! गंमत म्हणजे या भावांनी व्हायरसमध्ये स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. बघता बघता ही नक्कल सातासमुद्रापार गेली आणि लाहोरच्या दुकानात परदेशांतून फोन येऊ लागले.

यातून काय शिकायचं? फुकटात मिळालेल्या वस्तूबरोबर आणखी काय काय येतं, ते वरून दिसत नाही. आज फ्लॉपी गेल्या, पण मोह गेलेला नाही. 'पैसे देऊन घ्यायचा गेम इथे फुकट', 'गेममधली हजार नाणी मोफत', 'नवा सिनेमा लगेच उतरवून घ्या' अशा जाहिराती तुम्ही पाहिल्याच असतील. अशा चोरून फोडलेल्या गेममध्ये ट्रोजन घालणं चोरांना फार सोपं जातं. कारण तुम्हीच 'हो, हो, बसव' म्हणत बटणं दाबत असता! गेम हवा तर तो तयार करणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या ठिकाणाहून किंवा संगणकातल्या अधिकृत स्टोअरमधूनच घ्यायचा. रस्त्यात किंवा शाळेच्या मैदानावर सापडलेला पेन ड्राइव्ह 'बघू तरी काय आहे' म्हणून लावायचा नाही. तो मोठ्यांकडे द्यायचा.

दुसरी कडी : उत्सुकता

४ मे २०००. जगभरातल्या लाखो लोकांच्या ई-मेलमध्ये एक पत्र आलं. विषय होता 'आय लव्ह यू'. खाली एक फाईल जोडलेली. नाव होतं 'लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस'. पत्र पाठवणारा बहुतेक वेळा ओळखीचाच निघे. कार्यालयातला सहकारी, जुना मित्र. आता असं पत्र कोण उघडणार नाही? लोकांनी उघडलं आणि घात झाला!

फिलिपाइन्समधल्या मनिला शहरातून सुटलेल्या त्या किड्याने काय केलं, माहीत आहे? संगणकातल्या पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना तेच पत्र पाठवून दिलं. शिवाय संगणकातल्या फोटोंच्या फाइली पुसून त्या जागी स्वतःच्या नकला ठेवल्या. कुणाचे लग्नातले फोटो, कुणाच्या बाळाचे फोटो, क्षणात गेले.

इथे एक गंमतशीर गोष्ट लक्षात ठेवा. फाईललाही आपल्यासारखं नाव आणि आडनाव असतं. शेवटच्या टिंबानंतर येतं ते आडनाव. त्यावरून फाईलचं घराणं कळतं. 'टीएक्सटी' म्हणजे साधा मजकूर. 'जेपीजी' म्हणजे चित्र. 'ईएक्सई' किंवा 'व्हीबीएस' म्हणजे आज्ञा पाळणारा प्रोग्रॅम. त्या प्रेमपत्राचं खरं आडनाव होतं 'व्हीबीएस'. पण विंडोज आडनाव झाकून ठेवत असे, त्यामुळे लोकांना शेवटी 'टीएक्सटी' एवढंच दिसलं. बहुरूपी पोलिसाचा गणवेश घालून दारात उभा राहतो ना, अगदी तसं!

विंडोजमध्ये आजही हे आडनाव बहुधा झाकलेलंच असतं. ते उघडं करायला मोठ्यांची मदत घ्या. विंडोज ११ असेल तर 'फाईल एक्सप्लोरर' उघडा. वरच्या 'व्ह्यू'मध्ये 'शो' आहे, त्यात 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा. झालं! आता कुठलाही बहुरूपी तुम्हाला सहज फसवू शकणार नाही.

आणि हो, पत्र ओळखीच्या माणसाकडून आलंय एवढ्यावर जाऊ नका. त्या माणसाला कदाचित पत्ताच नसेल! मित्राकडून अचानक 'हे बघ, यात तुझा फोटो आहे' असा निरोप आणि खाली लिंक आली, तर आधी त्याला फोन करून विचारा, "काय रे, हे तूच पाठवलंस का?"

तिसरी कडी : आळस

संगणकाच्या पडद्यावर 'अपडेट करायचं आहे' असं आलं की आपण काय म्हणतो? "नंतर बघू!" या 'नंतर बघू'ची किंमत किती, ते १२ मे २०१७ रोजी कळलं.

त्या शुक्रवारी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर किडा जगात मोकाट सुटला. कुणी काही उघडण्याचीही त्याला गरज नव्हती. विंडोजमधलं एक भोक त्याला ठाऊक होतं, त्यातून तो थेट आत शिरे. सुमारे १५० देशांतल्या संगणकांना त्याने कुलपं घातली आणि प्रत्येकाकडे ३०० डॉलर मागितले. तीन दिवसांत दिले नाहीत तर दुप्पट! ब्रिटनमध्ये तर कितीतरी सरकारी रुग्णालयांचे संगणक बंद पडले, रुग्णांना दिलेल्या वेळा रद्द कराव्या लागल्या आणि रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. आजारी माणसाला डॉक्टर मिळू नये, यापेक्षा वाईट ते काय?

पण खरी गोष्ट पुढेच आहे. ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिलं होतं. म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी! ज्यांनी ते वेळेवर बसवलं, त्यांच्या संगणकाचं ते भोक बुजलेलं होतं. बाकीच्यांनी 'नंतर बघू' म्हटलं होतं.

तेव्हा अपडेट आपोआप होऊ द्या. आणि घरातला संगणक जुना असेल, तर त्यात विंडोजची कितवी आवृत्ती आहे ते बघा. विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर ठरावीक मुदतीसाठी जादा सुरक्षेची सोय ठेवली गेली, पण ती नोंदणी करणाऱ्यांसाठी. दुरुस्तीच होत नसलेल्या घरात राहणं धोक्याचं, नाही का?

पहारेकरी आणि राखीव चावी

"मग अँटिव्हायरस कशाला असतो?" असं तुम्ही विचाराल. तो आपला पहारेकरी. त्याच्याजवळ गुन्हेगारांच्या खुणांची भलीमोठी यादी असते. येणारी प्रत्येक फाईल तो त्या यादीशी ताडून पाहतो. शिवाय एखादा प्रोग्रॅम भराभर सगळ्या फाइली बदलू लागला, तर 'याचं लक्षण ठीक नाही' हेही तो ओळखतो. पण यादी जुनी झाली तर पहारेकरी काय करणार? म्हणून त्यालाही अपडेट हवं.

या क्षेत्रात आपल्या मराठी माणसांनीही नाव काढलंय. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे संगणक दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडत. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते, त्यांनी ते काढून टाकणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यातूनच १९९०च्या दशकात 'क्विक हील' हा अँटिव्हायरस जन्माला आला. विंडोजमध्ये आता स्वतःचा एक अँटिव्हायरस आधीपासूनच असतो. घरच्या वापराला कोणताही एक चांगला आणि चालू असलेला पुरे. दोन-दोन बसवले तर ते एकमेकांच्याच पायात पाय घालतात!

पण पहारेकऱ्यालाही कधी डुलकी लागते. म्हणून घराची राखीव चावी जशी शेजारच्या काकूंकडे असते, तशी आपल्या फोटोंची आणि वह्यांची एक जादा प्रत हवी. हिला म्हणतात बॅकअप.

२०१७च्याच जून महिन्यात युक्रेनमधून 'नॉटपेट्या' नावाचा दुसरा व्हायरस पसरला. मर्स्क या मोठ्या जहाज कंपनीचे जगभरातले संगणक त्याने बंद पाडले. आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं कामसुद्धा विस्कळीत झालं. कंपनीच्या सगळ्या जाळ्याचा नकाशा ज्या यंत्रांत होता, तीही गेली. फक्त एक यंत्र वाचलं, आफ्रिकेतल्या घाना देशातलं. कसं? तर त्या वेळी तिथली वीज गेली होती! यंत्र जाळ्यापासून तुटलं होतं, म्हणून व्हायरस तिथवर पोचलाच नाही. त्या एका प्रतीवरून कंपनीने आपलं जाळं पुन्हा उभं केलं.

आपण काही वीज जायची वाट बघायला नको! एक बाहेरची हार्ड डिस्क किंवा चांगला पेन ड्राइव्ह घ्या, महिन्यातून एकदा त्यावर प्रत काढा आणि काम झालं की तो काढून कपाटात ठेवा. काढून ठेवणं महत्त्वाचं. लावून ठेवला तर खंडणीखोर त्यालाही कुलूप घालेल.

चौथी कडी : भीती

ही सगळ्यांत नाजूक कडी. चोरांनाही हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून आजकाल ते याच कडीवर घाव घालतात.

तुम्ही गेम खेळताय आणि अचानक पडदा लाल होतो. 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस आहेत! ताबडतोब या नंबरवर फोन करा!' वर कर्कश भोंगा. घाबरायला होतं ना? पण एक लक्षात ठेवा. इंटरनेटवरच्या एखाद्या पानाला तुमच्या संगणकाच्या पोटात डोकावून व्हायरस मोजता येत नाहीत. तो निव्वळ देखावा असतो. त्या नंबरवर फोन केलात, की पलीकडचा गोड बोलून 'हे ॲप बसवा' म्हणतो आणि तुमच्या संगणकाचा ताबा घेतो. काही दाबू नका. 'ऑल्ट' आणि 'एफ-४' ही बटणं एकदम दाबून ते पान बंद करा. नाहीच झालं तर सरळ संगणक बंद करा.

'खातं आज बंद होणार', 'पोलिसांत तक्रार झालीय', 'दहा मिनिटांत ओटीपी सांगा' ही सगळी त्याच नाटकाची पात्रं. घाई करायला लावणारा निरोप आला की समजायचं, इथेच थांबायचं. ओटीपी आणि पासवर्ड मित्रालासुद्धा सांगायचा नाही. आणि इंटरनेटवर भेटलेल्या कुणी 'हे घरी सांगू नकोस' म्हटलं, की ती गोष्ट घरी सर्वांत आधी सांगायची!

पण याहून मोठी एक भीती असते. ती म्हणजे घरच्यांच्या रागाची. चुकून एखादी लिंक दाबली जाते, काहीतरी विचित्र घडतं आणि मूल गप्प बसतं. 'बाबा ओरडतील. आई संगणक काढून घेईल.' मग काय होतं? संध्याकाळी दाबलेलं बटण चार दिवसांनी कळतं. तोवर फोटो गेलेले असतात, पासवर्ड गेलेला असतो, कधी आईच्या खात्यातले कष्टाचे पैसेही गेलेले असतात.

पालकहो, आता दोन शब्द तुमच्याशी. शाळेत आम्ही रोज बघतो. ज्या मुलाला मार बसेल अशी धास्ती असते, ते गुडघा फुटला तरी चड्डीखाली लपवतं आणि जखम चिघळते. संगणकाचंही तसंच. मूल चूक सांगायला आलं तर आधी म्हणा, "सांगितलंस ते बरं केलंस." रागवायचंच असेल तर उद्या रागवा, आज आधी नुकसान थांबवा. फसवणूक मोठ्यांचीही होते, शिकल्यासवरलेल्यांचीही होते. मग आठ-दहा वर्षांच्या पोराने काय करावं? तुमच्या घरातला सर्वांत चांगला अँटिव्हायरस म्हणजे न घाबरता तुमच्याकडे धावत येणारं मूल.

चूक झालीच तर?

१. इंटरनेट तोडा. वायफाय बंद करा, वायर असेल तर काढा.

२. लगेच मोठ्यांना सांगा. काय दाबलं, काय दिसलं, सगळं. जमल्यास पडद्याचा फोटो काढा.

३. मोठ्यांनी दुसऱ्या, चांगल्या यंत्रावरून महत्त्वाचे पासवर्ड बदलावेत. आधी ई-मेलचा, मग बँकेचा.

४. अँटिव्हायरसने सगळा संगणक तपासून घ्यावा. नाही जमलं तर माहीतगाराला दाखवावा.

५. खंडणी देऊ नका. पैसे देऊनही किल्ली मिळेलच याचा भरवसा नसतो.

६. पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कराल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. कुणी मुलाला धमकावत असेल, तर १०९८ हा मुलांचा मदत क्रमांक आहे.

या रविवारी एवढं करा

जेवणं आटोपली की सगळे मिळून संगणकासमोर बसा. अपडेट राहिलंय का, बघा. अँटिव्हायरस चालू आहे का, तपासा. फाइलींची आडनावं उघडी करा. फोटोंची एक प्रत काढून कपाटात ठेवा.

मुलांसाठी संगणकात वेगळं खातं उघडा, ज्यातून नवा प्रोग्रॅम बसवायला आई-बाबांचा पासवर्ड लागेल. ही शिक्षा नव्हे बरं का! चुकून बटण दाबलं गेलं तरी दाराला एक जादा कडी राहते.

आणि पासवर्ड? नाव, जन्मतारीख, '१२३४५६' हे मुळीच नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडा. 'भोपळा-सायकल-उंट-पाऊस' असं काहीतरी. लक्षात ठेवायला सोपं, ओळखायला कठीण. (हाच ठेवू नका हं, आता तो सगळ्या वाचकांना माहीत झालाय!) महत्त्वाच्या प्रत्येक खात्याला निराळा पासवर्ड ठेवा आणि वहीत लिहिलात तर ती वही कुलपात ठेवा. ई-मेलला दुहेरी तपासणीची सोय असते, तीही चालू करा.

ओळखा पाहू!

पुढे चार फाइली आहेत. कोणत्या फाईलपासून तुम्ही चार हात लांब राहाल?

अ) सहल डॉट जेपीजी, ताईने पाठवलेली. तुम्हीच मागितली होती.

आ) निकाल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई, 'शाळेकडून' आलेली.

इ) फुकट नाणी डॉट ईएक्सई, गेममधल्या अनोळखी खेळाडूने दिलेली.

ई) कविता डॉट टीएक्सटी, पण पाठवणारा कोण ते ठाऊक नाही.

उत्तर : 'अ' खुशाल उघडा. 'आ'चं खरं आडनाव 'ईएक्सई' आहे, निकाल कधी प्रोग्रॅमच्या रूपात येतो का? 'इ'चं तर बोलायलाच नको. आणि 'ई'? आडनाव सभ्य आहे, पण माणूस अनोळखी. तेव्हा उघडण्याआधी काय विचारायचं, ते आता तुम्हीच सांगा!